परवाना, चाल आणि साठेकाकूंचा सूर

"इंटरनेट रेडिओ चालवता म्हणजे दिवसभर नक्की करता काय हो?" असं लोक विचारतात. खरं सांगू? गाणी कमी वाजवतो आणि किस्से जास्त गोळा करतो. गाण्यांना निदान कॉम्प्युटरमध्ये जागा आहे, किस्से कुठे ठेवणार? डोक्यात साठत राहतात आणि कुणी चहाला आलं की सांडतात. आज तुम्ही आलात, तर सांडणारच. बसा जरा ऐसपैस.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. आमच्या स्टेशनचं नाव 'रेडिओ भडंग'. लखनौच्या इंदिरा नगरात एका घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून ते जगभर ऐकू जातं. जगभर म्हणजे बहुतेक आमचेच नातेवाईक, पण ते जगभर पसरलेत त्याला आम्ही काय करणार! स्टेशन काढलं साठेकाकांनी. मूळचे सांगलीचे, नोकरी सगळी मानक नगरला रेल्वेच्या संशोधनात गेली, निवृत्त झाले आणि महिनाभरात कंटाळले. आवाजाची सगळी यंत्रं सांभाळतात आणि गरज पडली तर पेटीही धरतात ते नसीमभाई, अस्सल लखनवी माणूस, माइकलासुद्धा 'आप' म्हणतात. बोलायचं काम माझ्या लेकीचं, रेवाचं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आणि मी मंजिरी. बँकेत लोकांच्या कर्जाचे कागद तपासण्यात उमर गेली, म्हणून गाण्यांच्या परवान्यांचं खातं माझ्या गळ्यात पडलं. ज्याचं गाणं त्याला विचारल्याशिवाय वाजवायचं नाही, हा माझा कायदा. नसीमभाई माझ्या माघारी मला 'दरोग़ा मैडम' म्हणतात. मला माहीत आहे. मला आवडतं!

*

नावापासूनच सुरुवात झाली. भडंग म्हणजे काय हे इथे कुणाला माहीत असणार? पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला.

"रेडियो भांग से बोल रहे हैं?"

रेवा म्हणाली, "अंकल, भांग नहीं, भडंग. मुरमुरे होते हैं, मसाले वाले."

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग अगदी हळू आवाजात, "समझ गए बिटिया. फ़ोन पर मुरमुरे ही बोलना चाहिए."

*

एका गाण्याला किती मालक असतात, हे हा उद्योग सुरू केल्यावर कळलं. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्या कंपनीचं. प्रत्येकाची परवानगी वेगळी. तर एकदा सगळं जमत आलं, म्हणून मी जिन्यात उभी राहून आनंदाने फोनवर ओरडत होते, "हाँ हाँ, दो लाइसेंस तो आ गए, तीसरा भी इसी हफ़्ते आ रहा है!"

आमचे घरमालक अवस्थीजी खालून ऐकत होते. हे तेच अवस्थीजी, ज्यांनी आपली जुनी स्कूटर आमच्या जिन्यात आडवी लावून ठेवली होती आणि सांगून सांगून आमचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्कूटर गायब! जिना धुतलेला! आणि अवस्थीजी हात जोडून दारात.

"भाभीजी, कोई ग़लती हुई हो तो माफ़ कीजिएगा."

मला काही कळेना. मग मागून नसीमभाईंनी कानात सांगितलं, की इकडे नुसतं 'लाइसेंस' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते, लग्नाच्या वरातीत हवेत झाडतात ती!

पण ते सांगायच्या आत अवस्थीजींचं पुढचं वाक्य आलं होतं. "बस एक ही विनती है भाभीजी, शादी-ब्याह में मत चलाइएगा."

आणि मी, गाण्यांच्या तंद्रीत, म्हणून बसले होते, "अरे अंकलजी, शादी-ब्याह में ही तो सबसे ज़्यादा चलता है!"

अवस्थीजी तिथेच पायरीवर बसले. त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

*

आता साठेकाकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण काकांनी स्टेशन काढलं ते खरं तर त्यांच्यापायी.

काकू, म्हणजे नलिनीकाकू, फार सुंदर गातात. गात होत्या, असं त्या म्हणतात. कित्येक वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनी एका मोठ्या गायिकेचं जुनं भावगीत म्हटलं. पुण्याहून आलेले कुणी जाणकार पाहुणे होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "आवाज गोड आहे, पण सूर जरा उतरतो." झालं! काकूंनी त्या दिवसापासून लोकांसमोर तोंड उघडलं नाही. मला त्या पाहुण्यांचं नाव माहीत नाही आणि तेच बरं आहे, नाहीतर मी त्यांना गाठून चार शब्द ऐकवले असते.

काकू गातात फक्त स्वयंपाकघरात, आणि तेही मिक्सर चालू असताना. काका बाहेर पेपर उलटा धरून उभे असतात. "आमच्याकडे चटणी गरजेपेक्षा जास्त वाटली जाते," असं ते मोठ्या अभिमानाने सांगतात.

काकांची एकच इच्छा. ते भावगीत काकूंनी रेडिओ भडंगवर म्हणावं. बस. काका विनवण्या करून थकले, रेवा गळ्यात पडून थकली. काकूंचं उत्तर ठरलेलं.

"तुमच्या स्टेशनवर बेसूर माणसं कमी पडली का?"

मी काकांना म्हटलं, तुम्ही त्यांचं मन वळवा, तोवर मी शब्द आणि चालीचा परवाना आणते. काका म्हणाले, "तुझं काम सोपं आहे." तेव्हा मला ते पटलं होतं!

*

परवान्यावरून आठवलं. हा शब्द आपण मराठीत किती सहज वापरतो! गाडी चालवायचा परवाना, दुकानाचा परवाना. एकदा बऱ्याच खटपटीनंतर एका ठुमरीची परवानगी मिळाली. रेवाचा कार्यक्रम लाइव्ह चालू होता. मी काचेपलीकडून तिच्या हेडफोनमध्ये सांगितलं, "सांग लोकांना, या गाण्याला परवाना मिळालाय."

आमच्या लेकीने जसंच्या तसं सांगितलं. "दोस्तो, ख़ुशख़बरी है! इतने इंतज़ार के बाद हमारे इस गाने को परवाना मिल गया है!"

आता लखनौमध्ये परवाना म्हणजे कोण? शमेवर, म्हणजे ज्योतीवर, जीव ओवाळून टाकणारा पतंग! आशिक! पाच मिनिटांत मोबाइलवर अभिनंदनांचा पाऊस. कुणी 'शमा को मुबारकबाद' पाठवली, कुणी 'जोड़ी सलामत रहे'. एका आजींनी तर सरळ व्हॉइस मेसेज पाठवला.

"बिटिया, मुबारक हो. लड़का करता क्या है?"

मी नसीमभाईंना म्हटलं, "अहो, तुमच्या उर्दूत परवाना म्हणजे हुकूमनामासुद्धा असतो ना?"

"जी भाभी, असतो," नसीमभाई म्हणाले. माझ्याशी बोलताना ते एखादा मराठी शब्द भेट म्हणून देतात. "शाही परवाना आए या आशिक़ परवाना, जान दोनों में जाती है."

*

दुसरा घोटाळा 'रॉयल्टी'चा. जुन्या शहरात एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. त्यांच्या आत्याच्या आवाजातली काही जुनी ध्वनिमुद्रणं त्यांच्याकडे आहेत, असं कळलं. मी आणि नसीमभाई गेलो. सरबत झालं, तब्येतीची चौकशी झाली, मग मी विषय काढला.

"जी, हम रॉयल्टी के बारे में बात करने आए हैं."

गृहस्थ एकदम ताठ झाले. आतून टोपी मागवली, घातली, आणि म्हणाले, "आख़िर किसी ने पूछा तो!"

मग सुरू झालं. पणजोबा, पणजोबांचे पणजोबा, त्यांचे हत्ती, हत्तींची नावं. मध्येच कबाब आले. मी वही काढायचे आणि परत ठेवायचे. नसीमभाई खाली मान घालून खोकत होते, ते हसत होते हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. शेवटी मी धीर करून विचारलं, "तो रॉयल्टी किसके नाम करें?"

त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं!

"बेटी, रॉयल्टी किसी के नाम नहीं की जाती. उसमें पैदा हुआ जाता है."

परवानगी मात्र त्यांनी दिलदारपणे दिली. अट एकच. गाणं वाजवण्याआधी हत्तींचा उल्लेख व्हावा. आम्ही करतो!

*

आता काकूंच्या भावगीताची चाल. ती बांधणारे संगीतकार कधीच वारले होते, पण शोधता शोधता कळलं, की त्यांचा नातू आपल्या लखनौलाच, बख्शी का तालाबकडे, रोपवाटिका चालवतो. मला वाटलं, देव पावला! फोन लावला. नाव मराठी, पण माणूस जन्मापासून इकडचा, मराठीचा गंध नाही. मी आपली बँकेतल्या हिंदीत सुरू झाले.

"नमस्ते जी. वो जो पुराना गाना है ना, उसमें चाल आपके दादाजी की थी. हमें पक्का पता चल गया है."

पलीकडे थंडगार आवाज. "क्या मतलब?"

"मतलब शब्द किसी और के थे, लेकिन चाल पूरी आपके दादाजी की. सब लोग मानते हैं."

"मैडम," तो म्हणाला, "हमारे दादाजी बड़े शरीफ़ आदमी थे. चाल-वाल नहीं चलते थे. जिसने भी कहा है, उसका नाम बताइए."

मी घाबरून अजून समजवायला गेले. "अरे, बुरा मत मानिए! इतनी सुंदर चाल थी! ऐसी चालें अब कौन चलता है? उन्होंने तो सैकड़ों चालें कीं, पूरा महाराष्ट्र जानता है!"

फोन कट!

रेवा शेजारी जमिनीवर लोळून हसत होती. "मम्मी! हिंदी में धुन बोलते हैं, धुन! आपने तो उनके दादाजी को शकुनी बना दिया!"

दुसऱ्या दिवशी नसीमभाई मलिहाबादी आंब्यांची पेटी घेऊन स्वतः त्याच्याकडे गेले आणि सगळा उलगडा केला. नातू एवढा हसला, की परवानगी तर मिळालीच, वर मोगऱ्याची दोन रोपंही मिळाली. शब्दांची परवानगी मी आधीच मिळवली होती. आता राहिल्या फक्त काकू.

काका मला म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं, तुझं काम सोपं आहे!"

*

एक शत्रू मात्र असा आहे, जो ना उर्दू जाणतो ना मराठी. ज्या वेबसाइटवरून आमचं स्टेशन ऐकू जातं, तिथे एक यंत्र बसवलंय. ते दिवसभर कान लावून असतं. आपण वाजवतोय ते कुणाच्या मालकीच्या गाण्याशी जुळलं की लगेच इंग्रजीत ईमेल टाकतं, ठपका ठेवतं. तिसरा ठपका पडला की आठवडाभर स्टेशन बंद. आपण हरकत नोंदवून कागद दाखवले तर ठपका निघतो. पण यंत्र आधी ठोकतं, मग विचारतं.

आणि माझ्यासारख्या कायद्याच्या बाईच्या स्टेशनवर दोन ठपके पडले! कशापायी? कचऱ्याच्या गाडीपायी! सकाळी काका आरोग्यावर बोलत असतात, नेमकी तेव्हा खालून गाडी जाते, कर्ण्यावर गाणं वाजवत. माइक ते उचलतो आणि यंत्र म्हणतं, हे गाणं अमक्या कंपनीचं आहे. हरकत कशी घेणार? गाणं तर खरंच वाजलं होतं!

दुसऱ्या ठपक्याला माझं डोकं फिरलं. मी तशीच खाली धावले आणि गाडीसमोर उभी राहिले.

"भैया, यह गाना बजाते हो, इसका परवाना है तुम्हारे पास?"

चालकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बहनजी, कूड़ा है तो डालिए. परवाना ढूँढना है तो सूखे वाले में देख लीजिए."

*

आणि आता मागच्या रविवारचा किस्सा. हा अजून ताजा आहे, त्यामुळे सांगताना मी मध्ये हसले तर सांभाळून घ्या.

रविवारी सकाळी आमचा मराठी तास असतो. साठेकाका लाइव्ह असतात. मी खिडक्या बंद केल्या, कचऱ्याची गाडी येऊन गेल्याची खात्री केली आणि काचेपलीकडे बसले. काका काहीतरी आंब्याच्या लोणच्यावर बोलत होते. बोलता बोलता अचानक थांबले आणि म्हणाले, "श्रोतेहो, आज मी तुम्हांला एक भावगीत म्हणून दाखवणार आहे."

मी उडालेच! काका आणि गाणं? ज्या माणसाची आरतीत टाळ्यांशीसुद्धा चुकामूक होते! नसीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नसीमभाईंकडे. काकांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. तेच. काकूंचं भावगीत.

काय सांगू तुम्हांला! मुखडा एका पट्टीत, पुढची ओळ दुसऱ्या, आणि मधली जागा तर कुठल्याच नाही. नसीमभाई पेटीवर मागे मागे धावत होते, पण काका काही सापडेनात. रेवाने उशी तोंडात धरली होती. मेसेज यायला लागले, 'सर्वर में ख़राबी है क्या?' काकांचं आपलं चालूच!

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड आवाज. काकूंचं घर आमच्याच गल्लीत, तिसऱ्या दारी, आणि रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात फोनवर आमचं स्टेशन चालू असतं. दार उघडलं. काकू! घरातली साडी, हातात खोबऱ्याची किसणी, चेहरा लालबुंद.

"अहो, थांबवा! थांबवा आधी! त्या बिचाऱ्यांनी केवढी सुंदर चाल लावलीय आणि तुम्ही तिची काय माती करताय!"

मी त्यांच्यामागोमाग आत धावले. हे सगळं लाइव्ह जात होतं, बरं का!

काका थांबले. अगदी निरागस चेहऱ्याने म्हणाले, "मग कशी आहे?"

"कशी आहे म्हणजे? अशी नाही!" काकूंनी किसणी माझ्या हातात दिली, काकांना कोपराने बाजूला केलं आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. मी खुणेनेच विचारलं, काकू, परवानगी आहे ना? तर मलाच डोळे वटारून म्हणाल्या, "तू गप्प बस!"

आणि गायल्या.

मिक्सर नव्हता. पंखासुद्धा नसीमभाईंनी हळूच बंद केला होता. पहिली ओळ काकांना दाखवण्यापुरती होती, दुसरी ओळ त्यांना विसरून होती. मी त्यांचं गाणं आजवर मिक्सरच्या आडूनच ऐकलं होतं. किसणी हातात धरून मी रडत होते, हे मी सांगते, कारण रेवा सगळ्यांना सांगणारच आहे. नसीमभाईंच्या तोंडून इतक्या हलक्या आवाजात 'सुब्हानल्लाह' निघालं, की ते माइकलाही कळलं नाही. काका भिंतीला टेकून उभे होते. हातात उलटासुलटा धरायला पेपरही नव्हता, त्यामुळे त्यांना चेहरा लपवता येईना.

गाणं संपलं. काकू भानावर आल्या, लाल दिवा पाहिला, आणि पदर तोंडाशी नेला. "अगबाई, हे सगळं गेलं का बाहेर? सूर उतरला असेल हो माझा!"

आम्ही चौघं एकदम ओरडणार, तेवढ्यात टुण्ण! लॅपटॉपवर ईमेल. रेवाने उघडली आणि तिचा चेहरा पडला.

"मम्मी... स्ट्राइक आ गया. तीसरा."

स्टेशन बंद. आठवडाभर. मी किसणी टाकली आणि लॅपटॉप ओढला. "काही घाबरू नका! शब्दांची परवानगी आहे, चालीची आहे, गायिका इथे उभी आहे. आत्ता हरकत नोंदवते, उद्यापर्यंत ठपका निघेल. बघतेच त्या यंत्राकडे!"

"पण ठपका कशाचा?" काकूंनी विचारलं. "काय चुकलं माझं?"

मी घाईघाईने मराठीत सांगितलं, "काही नाही हो, त्या यंत्राला अक्कल नाही. म्हणतंय, तुमच्या कार्यक्रमातलं गाणं हे त्या मोठ्या बाईंच्या मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळतं."

काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"जुळतं?"

"जुळतं."

"म्हणजे, त्यांच्याशी?"

"त्यांच्याशीच."

"थोडंसं जुळतं, की..."

रेवाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "काकू, पूरा लिखा है. शुरू से आख़िर तक. एक सेकंड भी नहीं छोड़ा."

काकू चष्मा नसताना स्क्रीनकडे वाकून बघत राहिल्या. माझं बोट 'हरकत नोंदवा' या बटणावर पोचलं होतं.

"मंजिरी," काकू म्हणाल्या, "त्या बटणाला हात लावलास ना, तर याद राख!"